कोर्बिनियानच्या कपाळावरचं नाव

काएतान प्लाखला योखाउ गावात सगळे ओळखत, पण ज्यासाठी ओळखावं असं त्याला वाटे, त्यासाठी एकानेही ओळखलं नाही. तो गावचा थडगी खणणारा. डोंगर आणि तळं यांच्या बेचक्यात दफनभूमी असून असून असणार केवढी! दहा-पंधरा वर्षं झाली की जुन्याला उठवायचं आणि नव्याला जागा करून द्यायची. निघालेली कवटी उन्हात वाळवायची, कपाळावर नाव आणि मृत्यूचं साल घालायचं, भोवती वेल काढायची. बाप्याला ओकची पानं, बाईला गुलाब. मग चर्चमागच्या अस्थिघरात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रांगेत ठेवून द्यायची. हे सगळं काएतानच करी आणि त्याची त्याला लाज वाटे. त्याची 'खरी' चित्रं घरात होती, तळ्याची तेवीस तैलचित्रं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बोटभर उंचीची सही. तळं शोधावं लागे, सही दारातूनच दिसे.

"काएतान, हे तळं आहे की सांडलेलं सूप?" असं खानावळवाला कोर्बिनियान हाइसल भर गिऱ्हाइकांत विचारी आणि सगळी खानावळ खिदळे. तो १९०८ साली मेला. पुढे त्याची पाळी आली तेव्हा काएतानने त्याच्या कवटीवरचं एकेक पान दात-ओठ खात काढलं. रागाने असेल की कशाने, पण ती पानं अशी उतरली की वारा आला तर हलतील.

आणि एके दिवशी पाद्रीबाबांकडे पत्र आलं. व्हिएन्नाहून डॉक्टर एल्सनर नावाचे कलापंडित डोंगरातली चित्रं गोळा करायला येणार होते. काएतानने दोन दिवस खिळे ठोकले. तेवीसच्या तेवीस चित्रं भिंतीवर चढली. त्याची बायको वाल्बुर्गा म्हणाली, "अरे, जेवायच्या टेबलावर तेवढं लटकवू नकोस. सुपात तळं पडायचं."

डॉक्टरसाहेबांनी चित्रं पाहिली. पाहुणा यजमानाच्या पोरांची गाणी ऐकतो, तशी पाहिली. "छान. पाणी बरंच आहे," म्हणाले, आणि अस्थिघराची वाट विचारली.

तिथे मात्र त्यांनी हॅट काढली. कोर्बिनियानसमोर गुडघे टेकून बसले ते उठेचनात. "ही कोणी रंगवली?"

काएतानचं डोकं सणकलं. आयुष्यभराच्या मेहनतीला 'पाणी बरंच आहे', आणि या हाडकांपुढे लोटांगण? वाल्बुर्गाने कोपराने ढोसलं. "सांग ना रे, दातखीळ बसली का?"

"असतं कोणीतरी गावातलं," काएतान म्हणाला. "हौस एकेकाची. माझा काही संबंध नाही. मी चित्रकार आहे."

डॉक्टरांनी तसंच वहीत टिपून घेतलं. घरोघरच्या परवानगीने सहा कवट्या गवतात गुंडाळून प्रदर्शनाला निघाल्या. कोर्बिनियानचा मुलगा रूपर्ट म्हणाला, "बाबा जन्मभर व्हिएन्नाला जायचं म्हणत होते. जाऊ देत एकदाचे."

तीन महिन्यांनी वर्तमानपत्र आलं. वाल्बुर्गाने चुलीपाशी उभ्याउभ्याच मोठ्याने वाचलं, "योखाउचा उपेक्षित प्रतिभावंत कोर्बिनियान हाइसल! आपली सही त्याने धिटाईने थेट कपाळावरच केली आहे, खाली १९०८ हे निर्मितीचं साल. बाकीच्या पाच कवट्यांवर त्याच्या शिष्यांच्या सह्या आहेत." ती हसून हसून बाकावर बसली. "म्हणजे मेल्या मेल्या उठून कुंचला धरला म्हण की!" पुढे वाचलं, "ओकच्या प्रत्येक पानात दाबून धरलेला संताप जाणवतो."

"तेवढं खरं लिहिलंय," काएतान म्हणाला. त्याचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं.

त्याने व्हिएन्नाला पत्र टाकलं. सगळं खरंखरं, अगदी लाज सोडून लिहिलं. उत्तर आलं ते मोठं अदबीचं. 'संबंध नाही असं आपण स्वतःच सांगितलं होतं. शिवाय आपली तळी मी पाहिली आहेत. तो हात आणि हा हात एक असणं शक्य नाही, याची खात्री बाळगा.' काएतान त्या रात्री जेवला नाही.

उन्हाळ्यात गावात पाहुण्यांची रीघ लागली. रूपर्ट एक फळी घेऊन आला. "काका, खानावळीवर पाटी हवी. 'थोर चित्रकार कोर्बिनियान हाइसल इथे राहत'. जरा पानंबिनं काढा."

"रूपर्ट, तुला ठाऊक आहे ना रे कोण रंगवायचं ते?"

"ठाऊक आहे की. पण गावातलं कोणीतरी, असं तुम्हीच म्हणालात. बाबा काय परगावचे होते?"

"फेक ती फळी तळ्यात," वाल्बुर्गा म्हणाली. पण काएतानने ती ठेवून घेतली. दुसऱ्या कोणी वेडीवाकडी पानं काढली असती, ते त्याला सोसलं नसतं. आठवडाभर खपला, आणि अगदी शेवटी कोपऱ्यात नखाएवढी सही केली. जन्मातली सगळ्यात लहान सही. रूपर्टने ती पाहिली आणि ओल्या रंगावरून अंगठा फिरवला. "पाटीवर रंगाऱ्याचं नाव नसतं हो, काका."

दुसऱ्या दिवशी काएतान फावडं खांद्यावर टाकून खानावळीवरून चालला होता. पाटीखाली एक शहरी जोडपं उभं होतं. बाई पानांकडे बोट दाखवत म्हणाली, "बघ, हाइसलचा हात लपत नाही."

काएतान थांबला. त्याला राहवेना. "बाई, ती पानं माझी आहेत. मी थडगी खणतो आणि कवट्या रंगवतो. चाळीस वर्षं रंगवतोय." हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदाच उच्चारलं, आणि उच्चारताना त्याला जराही लाज वाटली नाही.

बाईने त्याच्या फावड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मायेने हसली. "हो का, आजोबा? मग हाइसलनी शिकवलं असेल तुम्हाला!"