फ्लेक्सचं गाढव

फोन आला तेव्हा जालिंदरची काळी-पिवळी केजच्या स्टँडवर भरत आली होती. मागच्या बाकावर एक जागा राहिली होती आणि तो धारूर, धारूर म्हणून ओरडत होता. फोन त्याच्या बायकोच्या, यशोधराच्या, शाळेतल्या शिपायाचा होता. मॅडम वर्गात पडल्या, केजला सरकारी दवाखान्यात आणलंय, तिकडं या, एवढंच तो बोलला. जालिंदरने गाडी तशीच काढली. बसलेल्यांना उतरा म्हणायचं त्याला सुचलं नाही आणि गाडी उलट्या तोंडाने कुठे चालली हे त्यांनीही विचारलं नाही. दवाखान्याच्या दारात मुख्याध्यापक परमेश्वर सर उभे होते. त्यांनी जालिंदरकडे बघायचं टाळलं आणि गाडीतल्या माणसांकडे बघत राहिले. तेव्हाच त्याला कळलं.

मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी तिने त्याला डबा भरून दिला होता. गाडीतली एक म्हातारी खाली उतरली आणि ओळखपाळख नसताना त्याच्या शेजारी पायरीवर बसली. बाकीचे प्रवासी दुसऱ्या गाडीने गेले. म्हातारी घरचे लोक येईपर्यंत बसली होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

यशोधरा धारूर रस्त्यावरच्या एका गावात खासगी शाळेत चित्रकला शिकवायची. कंत्राटावर होती, पण पोरांवर तिचा वचक होता आणि पोरांचा तिच्यावर जीव. त्या महिन्यात तिने आठवीच्या वर्गाला एक काम दिलं होतं. आपल्या घरातलं एक माणूस, पेपरात, टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलेली एक गोष्ट आणि एक जनावर, या तिन्हींचं मिळून एकच चित्र करायचं. अट एवढीच की दुकानातून विकत काही आणायचं नाही. घरात, गोठ्यात, उकिरड्यावर जे सापडेल ते वापरायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याचं प्रदर्शन ठेवायचं तिने ठरवलं होतं.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी गावच्या चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. तो अमरसिंहाने लावला होता. अमरसिंह जिल्हा परिषदेची तयारी करत होता आणि त्या वर्षी कुणाचं बारसं, बारावा, वाढदिवस काहीही असो, त्याचा फ्लेक्स आधी लागायचा. यशोधराचा फोटो कुणीतरी मोबाइलवरून घेतला होता. तो कोपऱ्यात, ताटाएवढा. हात जोडलेला अमरसिंह दाराएवढा. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही तो आला, पुढच्या खुर्चीवर बसला आणि भाषणात म्हणाला की गणिताची अशी शिक्षिका पुन्हा होणे नाही. समोर बसलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. जालिंदर मान खाली घालून बसला होता, त्याने तशीच ठेवली.

पुढच्या आठवड्यात तात्याबाची रोहिणी घरी आली. तात्याबा वीटभट्टीवर गाढवं हाकायचा. ही आठवीत होती. उंबऱ्याच्या आत न येता तिने सांगितलं की वर्गाने मॅडमचं काम पुरं करायचं ठरवलंय आणि तिला मोठा कपडा पाहिजे.

"मामा, चौकातला त्यो फ्लेक्स उगंच वाळतोय. आमाला द्या की."

जालिंदरने शेजाऱ्याची शिडी घेतली, विळा घेतला आणि भर दुपारी चौकात जाऊन दोऱ्या कापल्या. पारावर बसलेली माणसं बघत होती. एकाने विचारलं, अमरभैय्याला विचारलं का. जालिंदर म्हणाला की लावताना त्यांनी मला विचारलं नव्हतं. फ्लेक्सची गुंडाळी करून त्याने गाडीच्या टपावर टाकली.

मग तो दुपारची एक फेरी सोडून शाळेत जाऊन बसायला लागला. त्याला चित्रातलं काही कळत नव्हतं. तो पत्रा कापून द्यायचा, तार वाकवायचा, भांडणं सोडवायचा. एका पोराने खताच्या गोणीची म्हैस केली होती आणि म्हशीच्या पोटावर मोबाइल बघणारी आजी शिवली होती. एकीने औषधाच्या रिकाम्या डब्यांचा कोंबडा केला होता. पोरं कामात असली की यशोधराचं नाव सहज घ्यायची, मॅडम आता ओरडल्या असत्या असं म्हणायची. घरी येणारे लोक तिचं नाव घेताना आवाज बारीक करायचे. जालिंदरला शाळेतलं बरं वाटायचं.

रोहिणीचं चित्र सगळ्यांत मोठं झालं. विडा गावात धुळवडीला लपून बसलेल्या जावयाला शोधून गाढवावर बसवून मिरवतात, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. गेल्या साली त्या मिरवणुकीला तात्याबाचं गाढव गेलं होतं आणि चॅनेलवाल्यांनी ते टीव्हीवर दाखवलं होतं. घरातलं कुणी टीव्हीवर येण्याची ती पहिलीच वेळ. रोहिणीने तेच केलं. फ्लेक्सच्या काळ्या पट्टीचं गाढव, कडेला हलगी वाजवणारा बाप, वर जावई. जावयाचं तोंड अमरसिंहाचं होतं आणि त्याचे जोडलेले हात गाढवाचे कान झाले होते. पुढे गाढवाचं दावं धरून यशोधरा चालली होती. तिचा फोटो पोरीने जरासुद्धा कापला नव्हता, खाली नुसतं लुगडं नि पाय जोडले होते.

जालिंदर चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने हेच तोंड का घेतलं, असं विचारलं.

"जावई मोटा दिसाय पायजे ना," रोहिणी म्हणाली. "त्यात मोटं तोंड येवडंच होतं."

दोन दिवसांत ती बातमी रविराजपर्यंत गेली. रविराज अमरसिंहाच्या मागे फिरणारी पोरं सांभाळायचा आणि स्टँडवर गाड्या भरायचे नंबरही तोच लावायचा. त्याने जालिंदरला चहाच्या टपरीवर गाठलं.

"अबे जालिंदर, भैय्याला गाढवावर बसवतो व्हय बे?"

"विड्यात बसवतेत की. अंगटी घालतेत, कपडे करतेत. भैय्या तर तिकडचेच जावई. दर धुळवडीला फोन बंद करून कुटं जातेत, इचार."

टपरीवाला हसला आणि लगेच भांडी घासायला वळला. रविराजने एवढंच सांगितलं की भैय्या संमेलनाला प्रमुख पाहुणे आहेत, त्याच्या आत ते चित्र फाडायचं, नाहीतर स्टँडवर तुझा नंबर राहणार नाही.

परमेश्वर सरांनाही फोन गेला होता. ते वाईट माणूस नव्हते, पण शाळेचं अनुदान अडकलेलं होतं. त्यांनी जालिंदरला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले की एक चित्र काढून टाका, बाकीचं प्रदर्शन आपण मॅडमच्या नावाने धूमधडाक्यात करू. जालिंदर म्हणाला की सगळी लागतील नाहीतर एकही नको. सर म्हणाले, मग एकही नाही. जालिंदर उठला, कलाखोलीतून रोहिणीचं चित्र उचललं आणि बाहेर आणलं. त्याच्या पाठीमागे सरांनी खोलीला कुलूप लावून घेतलं.

संध्याकाळी तात्याबा घरी आला, पोरीला घेऊन. तो घाबरला होता. भट्टीचा मालक अमरसिंहाचा माणूस, उद्या काम गेलं तर गाढवांना काय घालायचं, असं तो म्हणत होता. चित्र फाडा, जालिंदरभाऊ, मी हात जोडतो. जालिंदरला त्याच्यावर रागावता येईना. त्याला स्वतःला गमवायला काय उरलं होतं, तात्याबाला पोर होती. तो म्हणाला की फ्लेक्स मी कापला, चित्रही मी केलं असं सांगतो, तुमचं नाव कुठे येणार नाही. तात्याबाने होकाराची मान हलवली. तेवढ्यात रोहिणी बोलली.

"तुमी कावून? चित्र मी केलंय. मॅडम म्हनायच्या, केलेल्या कामाखाली आपलं नाव घालायचं. मी घातलंय."

खाली कोपऱ्यात तिचं नाव होतं, पूर्ण, बापाच्या नावासकट. तात्याबा वाकून बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. आपलं नाव कुठलं, असं त्याने विचारलं आणि पोरीने बोट ठेवून दाखवलं. मग तो फाडा म्हणाला नाही. राहू द्याही म्हणाला नाही. निघताना मात्र त्याने गाढवाचे पाय बघून सांगितलं की मागचा पाय चुकलाय, तो असा पडत नाही.

संमेलनाच्या दिवशी जालिंदरने चित्र गाडीच्या एका अंगाला तारेने घट्ट बांधलं आणि गाडी शाळेच्या फाटकासमोर लावली. रस्ता सरकारी होता. आईबाप आत जाताना थांबायला लागले. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मॅडम किती झोकात चालल्यात बघ, असं कुणीतरी म्हणालं. तात्याबा लांब लिंबाखाली उभा होता आणि रोहिणी गाडीला टेकून.

अमरसिंह आला, उतरला आणि त्याने चित्र पाहिलं. समोर एवढी माणसं आणि त्यांचे मोबाइल असल्यामुळे तो मोठ्याने हसला, पोरांच्या कलेचं कौतुक केलं, गाढवाशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला. मग जालिंदरच्या खांद्यावर हात टाकून हळू आवाजात म्हणाला, "संध्याकाळपर्यंत उतरव. तुझ्या दुःखाकडं बघून येवडा वेळ देतोय."

जालिंदरने खांद्यावरचा हात बाजूला केला.

"माझ्या दुःखाकडं बगू नका. चित्राकडं बगा. दावं तिच्या हातात हाय. तिनं सोडलं तरच तुमी उतरायचं."

तो हे हळू बोलला नाही. रोहिणीने ऐकलं, फाटकातल्या लोकांनी ऐकलं. परमेश्वर सर हार घेऊन उभे होते, त्यांनीही ऐकलं. अमरसिंह आत गेला आणि चार वाक्यं बोलून परत गेला.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर जालिंदरचा नंबर नव्हता. तो स्टँडच्या बाहेर, पुढच्या वळणावर गाडी लावायला लागला. रविराजने त्याला हटवायला तिथेही पोरं पाठवून पाहिली, पण तो हलला नाही. गाढवाची गाडी म्हणून लोक हात करतात, काही जण मुद्दाम चालत वळणापर्यंत येतात, काही जण डोळे चुकवून पुढच्या गाडीत बसतात. गाडीवरचं चित्र उन्हाने थोडं विटलं आहे. तात्याबाला भट्टीवर अजून कुणी काही बोललेलं नाही. तो रोज सकाळी मालकाचं तोंड बघतो.

कलाखोलीचं कुलूप तसंच आहे. जालिंदर दर सोमवारी शाळेत जाऊन किल्ली मागतो आणि सर पुढच्या सोमवारी बघू म्हणतात. वर्गातल्या बाकीच्या पोरांची चित्रं आत आहेत. ती बाहेर काढायची राहिली आहेत.