नदीच्या मधोमध माझा दम गेला

मित्रांनो, होडीच्या मागच्या फळीला धरून अर्धी पाण्यात, अर्धी उन्हात लटकणारी जुनी मोटर मी. डोक्यावरच्या झाकणाचा लाल रंग उडून पार विटकरी झाला आहे.

लाकडी खोक्यात बसून मी कारखान्यातून आले. होडीवाल्याच्या वडिलांनी मला विकत घेतलं. रोज संध्याकाळी ते मला फडक्याने पुसत, माझ्या पंख्यात अडकलेलं गवत हाताने सोडवत. "पहिल्या दोरीला सुरू होते हो आमची!" असं घाटावर सांगत, तेव्हा मी उगाचच जोरात धडधडायची. ते गेले आणि मी मुलाच्या हाती आले. मुलगा वाईट नाही, पण भारी उतावळा. पुसणं वगैरे त्याच्या वेळात बसत नाही. ते त्याच्या बायकोकडे आलं.

माझी पेट्रोलची टाकी वेगळी असते. तिच्यापासून माझ्यापर्यंत रबरी नळी येते आणि नळीच्या मध्ये एक फुगा असतो. तो दाबला की पेट्रोल माझ्याकडे चढतं. चोरीच्या भीतीने टाकी रोज रात्री घरात नेतात.

त्या सकाळी मात्र सगळं घाईत झालं. त्यांची दहा महिन्यांची मुलगी रात्रभर तापाने फणफणली होती. दवाखाना पलीकडच्या काठावर. रस्त्याने दोन तास, होडीने वीस मिनिटं. होडीवाल्याने टाकी आणून नळी जोडली, बायको बाळाला घेऊन बसली, त्याने दोरी ओढली आणि आम्ही निघालो.

नदीच्या मधोमध माझा घसा कोरडा पडू लागला. आवाज बसला. वेग मंदावला.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"काही नाही. म्हातारी नखरे करतेय."

आणि मी बंद पडले. माझा आवाज थांबला तसा दुसरा आवाज ऐकू आला. खालच्या अंगाला बंधारा आहे. त्यावरून पाणी कोसळतं, त्याचा घों घों आवाज. प्रवाह आम्हाला तिकडेच नेत होता.

होडीवाल्याने मला पाण्याबाहेर उचललं. पंखा स्वच्छ होता. प्लग काढून सदऱ्याला पुसला, परत बसवला. दोरी ओढली. एकदा, दोनदा, सात वेळा. फुगा दाबला तेव्हा मी चार वेळा खोकले आणि पुन्हा गप्प झाले. त्याने माझ्या डोक्यावर बुक्की मारली.

"आयत्या वेळी दगा दिलास ना! भंगारात घालतो तुला!"

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं की माझ्यापर्यंत पेट्रोल येतच नाही. पण मला धुराशिवाय दुसरी भाषा येत नाही. बाळ आता रडतही नव्हतं, नुसतं कण्हत होतं. त्या कण्हण्याची मला बंधाऱ्याहून जास्त भीती वाटली.

बायको बाळाला खांद्याशी धरून एका हाताने वल्हं मारत होती. होडी नुसती गोल फिरत होती. "अहो, तिला मारून काय होणार? नीट बघा तरी!"

"सगळं बघून झालं! आता काय बघू?"

"मग तो फुगा असा का दिसतोय?"

फुगा चोखून टाकलेल्या फळासारखा चपटा झाला होता. "स्क्रू!" म्हणत बायकोने वल्हं टाकलं आणि टाकीच्या झाकणावरचा बारीक स्क्रू फिरवला. सुंऽऽ करत टाकीने हवा आत ओढली. टाकीतून पेट्रोल बाहेर पडायचं तर तितकी हवा आत यावी लागते. तो स्क्रू म्हणजे टाकीचं नाक, आणि तेच बंद होतं.

होडीखालचं पाणी गुळगुळीत झालं होतं. बंधाऱ्याच्या अगदी जवळ ते तसं होतं. त्याने फुगा दाबला, दोरी ओढली. नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा मी जीव खाऊन धडधडले आणि होडीचं तोंड वळलं.

बऱ्याच वेळाने होडीवाल्याने विचारलं, "कुणी आवळला होता गं?"

"मीच. टाकी पाळण्याशेजारी असते, बाळाला वास लागतो. रोज रात्री आवळते आणि तुम्ही उठायच्या आत सैल करते. आज तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले आणि…"

"दहा महिने रोज? मला एकदाही बोलली नाहीस!"

"त्यात काय सांगायचं?"

त्याने स्क्रूवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मला दाखव. किती फिरवायचा?"

ते दवाखान्यात गेले आणि मी घाटावर एकटी लटकत राहिले. वाटेत आपण किती वेळ खाल्ला, याचाच हिशेब मी करत होते. दुपारी ते परत आले. बाळाने डोळे उघडून माझ्या दोरीची मूठ तोंडात घातली, तेव्हा कुठे माझा थरकाप थांबला. त्याच आठवड्यात टाकीसाठी अंगणात कुलपाची पेटी झाली. पाळण्याजवळ आता टाकी नसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात तुम्ही उठायच्या आत काहीतरी सैल करून ठेवणारं कुणी असेल. ते काय करतं, हे एकदा विचारून घ्या. आणि एखादं जुनं यंत्र थांबलं, तर बुक्की मारण्याआधी त्याला श्वास घेता येतो आहे का, एवढं बघा.

मला अजूनही नदीच्या मधोमध त्या जागी भीती वाटते. तिथे माझा आवाज जरा कापरा होतो. होडीवाला लगेच वाकतो, झाकणावर हात ठेवतो आणि विचारतो, "काय गं, काय होतंय?" एवढं कुणी विचारलं, तरी निम्मी भीती जाते.