पश्चिमेची भिंत

सोलरची चौथी प्लेट गच्चीवर पोचली तेव्हा बख्तावर वरच्या पायरीवरच टेकली. तिचा श्वास ठिकाणावर येईपर्यंत मी एकट्यानेच प्लेट कठड्याला टेकवून ठेवली. दमेकरी बायकोला मी तीस किलोच्या काचेचं एक टोक धरायला लावलं होतं.

त्या जूनमध्ये सगळं मुलतानच प्लेटा चढवत होतं. गाढवगाड्यांवर त्या उभ्या रचून गल्लीबोळातून जायच्या आणि माणसं खालून हातवारे करायची. फिटरने मला तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. वीज दिवसाकाठी दहा-दहा तास जात होती आणि बख्तावरचं वाफेचं मशीन विजेवर चालतं. तीन आठवडे थांबणं परवडणार नव्हतं. चाळीस वर्षं मी हरम दरवाज्याजवळच्या दुकानात पंख्यांच्या मोटारी वाइंड केल्या आहेत, तेव्हा चार प्लेटा आणि एक इन्व्हर्टर काय अवघड, असं मी धरून चाललो.

अवघड निघालं. लोखंडी अँगल वेल्डिंगवाल्याने कापून दिले, पण गच्चीत भोकं पाडायला मला तीन दिवस लागले. सकाळी दोन तास काम, की पुढे ऊन अंगावर यायचं आणि छिन्नी हातात धरवायची नाही. दुकानातली वीज बटण दाबलं की बंद व्हायची; सूर्याला बटण नसतं. म्हणून जोडणी करताना बख्तावरने चारही प्लेटांवर घरातले जाड खेस पांघरले आणि मी खाली बसून तारा जोडल्या. पहिल्यांदा उलट्या जोडल्या. इन्व्हर्टर जळला नाही, हे नशीब. पुन्हा सगळं सोडलं, पुन्हा जोडलं. सहाव्या दिवशी दुपारी घरातला पंखा आपल्या विजेवर फिरला. बख्तावर त्याच्याखाली आडवी झाली आणि लगेच झोपली. मीही जमिनीवरच झोपलो.

दुपारी चारच्या सुमारास पंखा थांबला.

वर जाऊन पाहिलं तर दोन प्लेटांवर सावली. चारही प्लेटा एका माळेत जोडलेल्या. दोन झाकल्या गेल्या की उरलेल्या दोन्हींच्या जोरावर इन्व्हर्टर चालत नाही, तो सरळ बंद होतो. ही सावली पश्चिमेच्या भिंतीची होती. दुसऱ्या दिवशी मी प्लेटा सरकवून पाहिल्या. पूर्वेला जिन्याची खोली, दक्षिणेला कठडा. सरकवणार कुठे? स्टँड उंच केला तर आंधीत प्लेटा उडून कुणाच्या तरी डोक्यावर पडतील. उन्हाचा कहर असतो नेमका त्याच वेळी, आणि बख्तावरचा दमाही त्याच वेळी उसळतो.

ती भिंत माझा थोरला भाऊ फैज बख्श याची. आम्ही त्याला लहानपणापासून लाला म्हणतो. घर एकच होतं, मधोमध वाटलेलं. त्याची मुलगी नौशाबा माझ्या मुलाला, शफकतला दिलेली, म्हणजे शब्द झालेला, मिठाई वाटलेली. शफकत शारजाला गेला आणि तिथेच एका मुलीशी लग्न करून मोकळा झाला. फोनवरून कळवलं. त्याच महिन्यात लालाने दोन गच्च्यांमधला कमरेएवढा कठडा आठ फूट उंच केला. तेव्हापासून सात वर्षं आमच्यात ईदला गळाभेट नाही, मयतीला बोलणं नाही.

बख्तावर म्हणाली, "शफकतचे अब्बा, जाऊ नका. चारनंतर मी ओला कपडा घेऊन बसेन."

तरी मी गेलो. लाला अंगणात बाजेवर बसला होता. म्हातारा झाला होता. मला ते रस्त्यात लांबून कधी दिसलं नव्हतं. त्याने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, सावली, इन्व्हर्टर, बख्तावरचा दमा.

"वसाया," तो म्हणाला, "सात वर्षांनी आलास, आणि आलास ते माझ्या विटा मागायला."

मी म्हटलं, "हो लाला. त्यासाठीच आलोय."

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाला, भिंत माझ्यासाठी नव्हती बांधली. जिच्यासाठी बांधली तिला विचार.

नौशाबा स्वयंपाकघराच्या दारात कधीची उभी होती. आता एकतीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवते. तिच्याकडे पाहायची माझी हिंमत होईना.

"मला काय विचारायचं, चाचा?" ती म्हणाली. "तेव्हा कुणी विचारलं होतं? अब्बांना वाटलं, तुमच्या दोरीवर शफकतचे कपडे वाळताना मला दिसू नयेत. कपडे तर तो बरोबर घेऊन गेला होता."

लालाने मान खाली घातली.

"भिंत झाली तेव्हापासून आमच्या गच्चीवर वारा नाही," ती पुढे म्हणाली, साधंच, जेवायला वाढताना बोलावं तसं. "उन्हाळाभर मी खोलीत झोपते. आणि चाचीचा खोकला तर इथवर ऐकू येतोच. पाडा. पण खांद्याएवढी राहू द्या, नाहीतर लोक बघतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर लाला हातोडी घेऊन त्याच्या बाजूने वर आला. गवंडी बोलावू, असं मी म्हटलं. तो म्हणाला, मी रचली होती, मीच उतरवतो. तो छिन्नीने सांधे मोकळे करायचा, वीट उचलून माझ्याकडे द्यायचा, मी ती रचून ठेवायचो. दर चार-पाच विटांनी आम्ही थांबायचो, आपापल्या बाजूला बसून दम खायचो, पाणी प्यायचो. ऊन वर येत होतं.

अर्धी भिंत उतरली तेव्हा त्याने विचारलं, "त्याला मूल आहे?"

"एक मुलगी आहे."

"हं," तो म्हणाला आणि पुढच्या विटेवर छिन्नी ठेवली.

तीन सकाळी लागल्या. भिंत खांद्यापर्यंत आली. भिंतीपलीकडे लालाची पाण्याची उंच टाकी आहे, ती तशीच राहिली. ती हलवायचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. टाकीमुळे एक प्लेट साडेचारनंतर झाकोळते, पण तेवढं निभावतं. पंखा आणि वाफेचं मशीन सहापर्यंत चालतात. बख्तावर दुपारी चार तास सलग झोपते. लग्न झाल्यापासून तिला इतकं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तर मी दोनदा तिच्या नाकाशी हात धरून पाहिला.

आता रोज पहाटे मला वर जावं लागतं. मुलतानची धूळ एका दिवसात प्लेटा पिवळ्या करते. बादली घेऊन एकवीस पायऱ्या, वर गेलं की गुडघे बोलतात. कधी कधी नौशाबा तिकडे कपडे वाळत घालत असते. सलाम करते, चाची कशी आहे विचारते. मी बरी आहे म्हणतो. यापलीकडे आमचं बोलणं होत नाही. लाला ईदला आला नाही. मी गेलो, दारातूनच भेटून आलो.

मागच्या जुम्म्याला शफकतचा फोन आला. प्लेटा लागल्या का, किती युनिट निघतात, असं विचारत होता. मी त्याला आकडा सांगितला. भिंतीचं काही सांगितलं नाही. मग बख्तावरकडे फोन देऊन मी बाजेवर अंग टाकलं.