मी भराभर पाणी देऊ लागलो तेव्हा

मी एक जुना पाण्याचा फिल्टर आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. केशोरी गावात केवळरामांच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात मी बारा वर्षं ठाण मांडून बसलो आहे.

मित्रांनो, माझी रचना साधी. स्टीलचे दोन डबे, एकावर एक. वरच्या डब्यात भाजलेल्या मातीच्या दोन पांढऱ्या कॅन्डल. विहिरीचं पाणी वर ओतलं की ते कॅन्डलच्या बारीक छिद्रांतून खाली झिरपतं. गाळ, जंतांची अंडी आणि बहुतेक रोगजंतू बाहेरच अडकतात. पाण्यात विरघळलेले क्षार किंवा फ्लोराइड मात्र मला अडवता येत नाहीत. उगाच बढाई मी मारत नाही. जे काम माझं आहे ते चोख करतो, पण सावकाश. कॅन्डलवर गाळ साचला की आणखी सावकाश. त्यापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

यंदा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, पाहुणे येणार होते. केवळरामांच्या पत्नी धुरपताबाई यांच्या हातची भांडी गावात सगळ्यांत लखलखीत. त्यांनी पाणी भरायच्या पितळी गुंडाबरोबर माझ्या कॅन्डलही राख आणि नारळाच्या शेंडीने खसाखसा घासल्या. घासता घासता त्यातली एक दगडावर आपटली आणि मानेजवळ केसाएवढी चीर गेली. ती कुणालाच दिसली नाही.

खालचा डबा भरायला अख्खी सकाळ लागायची, तो चहा होईपर्यंत भरला.

"पाहा जी, कसं भराभर पाणी येऊन राहिलं!" धुरपताबाई हरखून म्हणाल्या.

आयुष्यात प्रथमच माझ्या वेगाचं कौतुक झालं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चिरेतून पाणी गाळलं न जाताच खाली उतरत होतं. नात आचल नुकती टायफॉइडमधून उठली होती. तिला शुद्ध पाणीच द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धुरपताबाईंनी पहिला पेला तिच्यासाठीच भरला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. त्या क्षणी ते फार सललं.

"थांब! तिले पाणी नोको देऊ," केवळराम एकदम म्हणाले.

"काऊन जी? साफच तं आहे."

"आपल्या घराण्यानं तलाव बांधले. तलावाच्या पाळीले, मातीच्या बांधाले, भगदाड पडलं का पाणी असंच धावते. याच्यात कायतरी फुटलं."

त्यांनी झाकण काढलं, कॅन्डल उजेडात धरली. चीर सापडली. पेला मोरीत गेला आणि आचलला उकळून गार केलेलं पाणी मिळालं. धुरपताबाई कितीतरी वेळ नातीला पोटाशी धरून बसल्या होत्या.

नव्या कॅन्डल आल्या. आता धुरपताबाई त्या मऊ ब्रशने, साध्या पाण्याने धुतात. राख नाही, साबणही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या फिल्टरलाही असाच हळुवार हात लावा, कॅन्डल वेळेवर बदला. तो सावकाश टपकत असेल तर चिडू नका, काम करतोय तो. पण एखाद्या दिवशी एकाएकी चपळ झाला, तर वाहवा करू नका. आधी लेकराच्या हातातला पेला काढून घ्या.