शिरोळची ऑर्डर

“काका, शिरोळचं हंबीरराव ‘मागल्यागत पाठवा’ म्हणत्यात. म्हंजे मागल्या म्हैन्यागतच न्हवं?” दीक्षानं कॉम्प्युटरवरून मान वळवून विचारलं.

“तुझ्या डब्याला विचार की,” मी म्हणालो.

हंबीररावांचं पंपाच्या सामानाचं दुकान. त्यांचं ‘मागल्यागत’ म्हणजे गेल्या वर्षी याच महिन्यात नेलं तसं. थंडीत त्यांच्याकडे वायसर खपतात. मार्चात नदी खाली गेली की शेतकरी पाइप खाली उतरवतात आणि त्याच्या पाण्यातल्या टोकाला बसवायचे फूटव्हॉल्व्ह मागतात. हे आमच्या उद्यमनगरातल्या पंपाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मला एकट्याला ठाऊक होतं, कारण बावीस वर्षं ऑर्डरी मीच घेत होतो. नव्याण्णव साली मालक सयाजीशेठनी कॉम्प्युटर आणला, कागलची ही मुलगी आणली आणि माझं टेबल गोदामाच्या दाराशी सरकवलं. मला तिचा हेवा वाटत होता, लपवत नाही. चहासुद्धा आधी तिला मिळायचा.

मार्च लागला होता, तरी तिनं मागच्या महिन्याची ऑर्डर जशीच्या तशी काढली. मी गप्प बघत बसलो.

चौथ्या दिवशी सयाजीशेठ केबिनमधून तरातरा बाहेर आले.

“शिरोळला चार पेट्या वायसर कुणी पाठवलं? फूटव्हॉल्व्हसाठी माणसं खोळंबल्यात, ऊस वाळाय लागलाय तिकडं. त्र्यंबकराव, तुमास्नी इचारलं न्हवतं हिनं?”

मी पुढ्यातलं चलन वाचायला घेतलं.

“चूक माझी हाय, शेठ,” दीक्षा म्हणाली. “मी काकास्नी इचारलं न्हाय.”

शेठनी तिला सगळ्यांदेखत झापलं. ते गेल्यावर मी तिच्यापाशी गेलो.

“माझं नाव का नाही सांगितलंस?”

“सांगून काय झालं असतं? शेठ तुम्हास्नी बोललं असतं, आन् तुम्ही मला परत कायबी सांगितलं नसतं.” तिनं वही उघडली. “आता सांगा. बाकीच्यांचं ‘मागल्यागत’ म्हंजे काय?”

काय करणार? सांगत गेलो, एकेका गावाचं. ती लिहून घेऊन कॉम्प्युटरमध्ये भरत होती. बावीस वर्षं आठ दिवसांत संपली. अजून काहीतरी राहिलं असेल म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवलं. काही राहिलं नव्हतं.

एप्रिलात फोन वाजला. सवयीनं मीच उचलला.

“त्र्यंबकराव, बरं हाय न्हवं?” हंबीरराव म्हणाले. “जरा त्या दीक्षाला द्या की. ऑर्डर सांगायची हाय.”

“मला सांगा की.”

“नगं, तिलाच द्या. तिनं सवताहून फोन करून माफी मागितली, समदं इचारून घेतलं. हुशार हाय पोरगी.”

बावीस वर्षांत मला कुणी हुशार म्हटलं नव्हतं. मी रिसीव्हर तिच्या हातात दिला.

“व्हय, म्हायती हाय. गेल्या एप्रिलागतच न्हवं?” बोलता बोलता ती थांबली आणि खात्रीसाठी माझ्याकडे बघू लागली.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. फोनवरून शिरोळला ती मान दिसली नाही.