चकचकीत गोटी

ऐक गं, मध्ये बोलू नकोस, नुसती ऐक. ती भाची आहे ना, गॅरेजवाली? हां, तीच. सख्ख्या मामाकडे काम शिकली, आता निम्म्याहून जास्त गाड्या एकटी काढते, आणि गिऱ्हाईकंसुद्धा तिला भाचीच म्हणतात. पन्नाशीचा ट्रकवाला येतो आणि म्हणतो, "भाची, बघ गं जरा," जशी काही सगळ्या जगाची भाची. तर तिच्या हातून जे झालंय ना, ते तिनं अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. मला सांगितलं तेही मान खाली घालून, नखं कुरतडत.

मामांचा एक नियम आहे. गोटी असते ना, नटावर टोपीसारखी बसवून फिरवतात ती, तिच्या दोन जाती. चकचकीत ती हाताच्या दांड्याला. काळी, जाड भिंतीची, ती नट फिरवणाऱ्या हवेवरच्या गनला. चकचकीत गोटी गनला लावायची म्हणजे लावायचीच नाही, ती तडकते. आणि चाकाच्या मधला तो मोठा ॲक्सलचा नट, त्याला तर आतून सहा कोनांचीच गोटी, कारण सहा कोनांची नटाला सगळ्या अंगानं धरते आणि बारा कोनांची नुसती कानाला, म्हणजे कोपऱ्यांना, धरते. मामा म्हणायचे, "कानाला धरून ओढलं की नट काय आणि पोर काय, दोन्ही हट्टाला पेटतात." हे भाचीला तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

आणि तरी त्या दिवशी काय केलं बघ. व्हॅनवाली ताई आली होती, शाळेची पोरं नेते ती. पुढचं डावं चाक घोंघावत होतं, म्हणजे बेअरिंग गेलेलं, म्हणजे ॲक्सलचा नट काढणं आलं. ताई दारातच घड्याळ दाखवत उभी, "साडेबाराला शाळा सुटते हं, बारा पोरं रस्त्यावर उभी राहतील." बत्तीस नंबरची काळी गोटी नेमकी समोरच्या टायरवाल्यानं सकाळी मागून नेलेली. रस्ता ओलांडायचा आणि आणायची, दोन मिनिटांचं काम! पण हिचं डोकं घोड्यावर बसलेलं. सेटमधली चकचकीत बत्तीस उचलली, बारा कोनांची, बसवली गनला. एकदाच तर, म्हणाली मनाशी. त्या नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असते, ती आधी छिन्नीनं नीट उचलायची, तर तीही अर्धीच उचलली. आणि दाबली गन.

खाड्‌! गोटी उभी तडकली, नट जागचा हलला नाही, आणि त्याचे सहाच्या सहा कान गुळगुळीत. लाडू झाला नटाचा.

हिनं काय करावं? तडकलेली गोटी पटकन खिशात टाकली. तेवढ्यात ताई, "काय गं, कसला आवाज?" आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "आधी ज्यानं कुणी आवळलाय ना ताई, त्यानं नटाची पार वाट लावलीये."

आता शप्पथ घेऊन सांगते, तिच्या मनात कुणी नव्हतं. नुसतं कुणाच्या तरी डोक्यावर खापर. पण ताई म्हणाली, "आधी कुणी? अगं, गेल्या वर्षी मामांनीच केलं की हे चाक! माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात कुठे लागतो?"

आणि बघते तर काय, नटावर पांढऱ्या रंगाचा पट्टा. मामा नट आवळून झाला की असा पट्टा ओढतात, नंतर सरकला तर दिसावा म्हणून. दुसरं कुणी तो पट्टा ओढतच नाही. आणि मान वर करते तर समोर मामा उभे. हातात काळी गोटी. टायरवाल्याकडून परत आणलेली. "तुला लागेल म्हणून घेऊन आलो," म्हणाले. मग "बघू" म्हणून खाली बसले. चष्मा राहिला होता टेबलावर, म्हणून अंगठा फिरवला नटावरून, एकदा, दोनदा. भाचीला वाटलं, आता बोलतील, मग बोलतील.

मामा म्हणाले, "माझ्याच हातून झालं असणार. हल्ली बोटं बधिर होतात जरा."

ती तेव्हाच म्हणू शकली असती ना गं? "नाही रे मामा, मी केलं." पाच शब्द! पण ताई उभी होती, खिशात ती गोटी मांडीला टोचत होती, आणि ही गनची नळी गुंडाळायला लागली.

बरं, काढला कुणी तो नट? मामांनीच. म्हणाले, "सव्वा इंची काळी आण, सहा कोनांची. ती बत्तीसपेक्षा केसभर लहान असते." ती हातोडीनं ठोकून ठोकून नटावर चढवली, लांब दांडा, दांड्यावर पाईप, ताईला सांगितलं ब्रेक दाबून बसा, आणि मामांनी सगळं अंग टाकलं. कर्रर्र करत सुटला! पण मग नवा नट बसवायची वेळ आली तेव्हा मागे सरले. "तूच आवळ." ॲक्सलचा नट आजवर शेवटी मामाच आवळायचे.

ताई निघताना म्हणाली, "मामा, राग मानू नका, पण गाडीत लोकांची पोरं असतात. यापुढे माझी गाडी भाचीच बघेल."

"बरोबर आहे तुमचं," मामा म्हणाले. भाचीला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दुपारी मामा जेवत होते तेव्हा तिनं भंगारातून तो जुना नट उचलला, अंगठा फिरवून बघितला. आता ही गंमत ऐक. आवळताना घसरलं तर कान एका बाजूनं झिजतात आणि सोडवताना घसरलं तर दुसऱ्या. हे तिला मामांनीच शिकवलेलं. आणि हा नट सरळ सांगत होता की सोडवताना गेलाय. म्हणजे मामांना कळलंच असणार! कळूनही गिऱ्हाइकासमोर आपल्याला झाकलं! लाज तर वाटली गं, पण थोडं हलकंही वाटलं. म्हणाली, संध्याकाळी पाय धरीन. संध्याकाळी पाहुणे होते. उद्या धरीन.

दुसऱ्या दिवशी मामांनी एका गाडीचं चाक बसवलं आणि हाक मारली, "भाची, बघ गं जरा, नीट बसलंय का?" हिला वाटलं चिडवतायत, टोमणा आहे. हसली. मामा हसले नाहीत. नुसते बाजूला उभे राहिले, हात पुसत. तिनं दांडा लावून बघितलं. एकदम बरोबर. मग पुढच्या चाकाला, "बघ गं." मग साध्या बॅटरीच्या नटालासुद्धा, "बघ गं." ज्या माणसानं तिला पाना धरायला शिकवला ना, तो माणूस!

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्यांच्या अंगठ्याला काही कळलंच नव्हतं. त्यांनी तिला झाकलं नव्हतं. त्यांना ते खरंच वाटलं होतं.

मामीचा फोन आला, "काय गं, झालंय काय तिकडे? घरी डब्याचं झाकण लावलं तरी मला बोलावतात, म्हणतात बघ घट्ट बसलंय का. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकतायत, मला तर भीतीच वाटायला लागलीये!" भाची म्हणाली, "काही नाही गं मामी, थकलाय जरा." दुसऱ्यांदा खोटं. आणि पहिल्यापेक्षा सोपं गेलं, हे सांगताना ती रडली माझ्यासमोर.

परवा व्हॅन परत आली. उजवं चाक. मामा सवयीनं उठले, काळी गोटी गनला लावली, चाकाशी बसलेसुद्धा. आणि ताई म्हणाली, हळूच, चांगल्या मनानं, "मामा, तुम्ही नका ना. भाचीला द्या."

मामा गुडघ्यावर हात ठेवून उठले. गन पुढे केली. भाचीनं तोंड उघडलं, "मामा..."

"हं?" मामा थांबले. ताईसुद्धा बघायला लागली. सगळं ऐकायला जे दोघं हवे होते, ते दोघं तिथेच, समोरासमोर.

"...सरक जरा," म्हणाली ती. आणि मामा सरकले गं, मुकाट्यानं.

आता मला विचारते, मी काय करू? ताईसमोर सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल, अब्रू जाईल, मामा परत कधी विश्वास ठेवतील का कुणास ठाऊक. नाही सांगितलं तर तो माणूस रोज थोडा थोडा मागे सरकत राहणार. तूच सांग ना, ती गन हातात असती, तर तू काय केलं असतंस?