न प्यालेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. पोटाला पोचा आहे आणि स्वभाव चिडका आहे. दोन्ही वापरानं आले. मलकापुरात निवृत्तीच्या आईनं मला आपल्या खानावळीसाठी घेतलं. कापसाच्या गाड्या रिकाम्या करून घामाघूम गाडीवान यायचे, वरून गटागटा पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "वा! काय थंडगार पानी हाये!" खरं तर कौतुक माठाचं, पण मी खुशाल माझं समजायचो. काय सुखाचे दिवस होते ते!

मग आई गेली. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, दारूबंदी सैल झाली होती. निवृत्तीनं परवाना काढला आणि मागच्या खोलीला हिरवा पडदा लावून परमिट रूम केली. पुढं जेवण, मागं दारू. पुढच्या टेबलांवर स्टीलचे जग आले आणि माझी रवानगी पडद्यामागे झाली. तिथं एक रीत होती. आत बसणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही आणि बाहेर त्याला ओळख दाखवायची नाही. निवृत्ती ती कसोशीनं पाळायचा.

त्याच्या मुलीला, चांगुणाला, संग्रामपूरचं स्थळ आलं. मुलगा मास्तर. मुलगी पाहून तो गेला, त्या दिवशी चांगुणा गुणगुणत भांडी घासत होती. बाकीची बोलणी मध्यस्थानं केली. निवृत्ती हौसेनं म्हणाला, "पाहुन्यांचं दुपारचं जेवन आपल्या नव्या हाटेलातच करू. पाहू द्या थाट!" त्याची बायको रुख्मिणी "घरीच जेवू घालू" म्हणत राहिली. ऐकतो कोण?

ऐन वैशाखात, भर दुपारी पाहुणे आले. पुरणपोळ्या वाढल्या होत्या. आमच्याकडे आधी मुलीच्या हातचं पाणी घ्यायचं, मग पानावर बसायचं. जुनं, घरचं भांडं म्हणून रुख्मिणीनं मला चिंचेनं लख्ख घासलं होतं. चांगुणा मला घेऊन मुलाच्या वडिलांपुढं वाकली आणि मी चरकलो. अरे देवा, हे तर बाजाराच्या दिवशी पडद्यामागे बसणारे गृहस्थ! भगवानराव नाव त्यांचं, ते आज कळलं. त्यांच्या ग्लासात पाणी माझंच असायचं. मुलीचा बाप म्हणजे हाच परमिट रूमवाला, हे त्यांना इथं आल्यावरच कळलं असणार. बायको शेजारी उभी होती आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आमी दारूच्या घरचं पानी पेत नाही," ते बायकोला ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलले आणि बाहेर पडले. पाणी नाकारलं म्हणजे सोयरीक मोडली. मास्तर मुकाट्यानं बापामागे गेला, नेभळट!

निवृत्तीनंही त्यांना ओळखलं होतं. पण तो मान खाली घालून उभा राहिला. पाहुणे गेल्यावर त्यानं रुख्मिणीला खरं सांगितलं, ते चांगुणानं ऐकलं.

"बाबा, मंग तवाच काऊन नाही बोलले?"

"बोलून काय झालं असतं व? पोराच्या बापाची इज्जत काढल्यावर त्यायनं तुले नांदवलं असतं का?"

माझ्यातलं पाणी तिनं मोरीत ओतलं. पाणी नाकारलेली मुलगी म्हणून गावोगाव बोभाटा झाला. पुढं एकही स्थळ आलं नाही.

भगवानराव अजून बाजाराला येतात. निवृत्ती मला त्यांच्यापुढं ठेवतो आणि ते पाणी ओतून घेतात. मला साधं कलंडताही येत नाही.

मित्रांनो, मला घासा, नका घासू, माझं मेलं काय! पण एखादी पोर पाणी घेऊन पुढं आली, तर घोटभर तरी घ्या. आमची चांगुणा आता पाहुणा दिसला की माठापाशी जाते, थबकते आणि आईला हाक मारते.